पाचव्या सालचा कॉन्स्टंटाईन

निकेतासच्या अंगणातल्या दगडी सिंहाने गुरुवारी सकाळी आधी घसा खाकरला, मग दोनदा थुंकल्यासारखं केलं, आणि मग तो जो गप्प झाला तो झालाच. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती. त्या धारेवर घरातला स्वयंपाक, धुणं, सब्जाच्या चार कुंड्या आणि कोपऱ्यातलं एक हट्टी डाळिंब अशी सगळी गृहस्थी सुखाने चालली होती.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. शेजारचा बार्दास, मेणबत्त्यांचा व्यापारी, घरावर दुसरा मजला चढवत होता. बुधवारी त्याच्याकडे संगमरवराची गाडी आली, गल्लीत फसली, आणि चाकाखालची जमीन खचली. त्या जमिनीखालूनच निकेतासचा भाजक्या मातीचा नळ येत होता. बार्दास सांत्वन करून घ्यायला स्वतः आला. "दादा, चाक मोडलं हो माझं," म्हणाला. नळाचं नाव काढलं नाही.

नळ बघायला वर्दान आला. हा आर्मेनियन गडी, आडमाप खांद्यांचा, जमिनीला कान लावून पाणी ऐकणारा. खड्ड्यात डोकावून तो म्हणाला, "दोन तुकडे बदलायचे. अर्ध्या दिवसाचं काम. फक्त वरचं पाणी अडवायला पाण्याच्या कचेरीचा होकार लागतो. तुमच्यासारख्या माणसाला काय अवघड? जाल आणि घेऊन याल."

हे 'तुमच्यासारख्या माणसाला' निकेतासला नडलं. सव्वीस वर्षं तो वजनमापांच्या सरकारी कचेरीत होता. बाजारातल्या तेलवाल्यांनी त्याला लांबून बघितलं की मापं आपोआप भरू लागत. आता नोकरी संपली होती, पण कमरेचा सरकारी पट्टा तो अजून बांधत असे. झोपताना सोडत असे, तोही नाइलाजाने.

घाई त्याला वेगळ्याच गोष्टीची होती. घरातलं पाणी आटलं की सार्वजनिक कारंज्यावर जावं लागे, आणि ते होतं उताराच्या तळाशी, बेचाळीस पायऱ्या खाली. अंथूसा, त्याची बायको, अठ्ठावन्न वर्षांची. तिचा उजवा गुडघा दोन हिवाळ्यांपासून सुजलेला. पण ती तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. तिला काही दुखलं की ती गात असे, आणि त्या आठवड्यात ती फार गात होती:

पहिली पायरी, बाई, बहिणीच्या मायेची,
शेवटली पायरी सासूच्या तोऱ्याची.

ते ऐकलं की निकेतास पट्टा आणखी आवळी.

*

पेटीच्या तळाशी, तागाच्या फडक्यात, घराचं दानपत्र होतं. घराण्याच्या कुणा पूर्वजावर खूश होऊन सम्राटाने सिंहमुखाचं पाणी कायमचं दिलं होतं. त्या पूर्वजाने चुना मळला होता असं कुणी म्हणे, घोडा धरला होता असं कुणी म्हणे. दानाला अट एकच: ह्या घराने दरवर्षी दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी. ती अट घराने कधी मोडली नव्हती. मोठ्या उपवासाच्या पहिल्या शनिवारी, मृतांच्या दिवशी, दानपत्र बाहेर निघे. लहानथोर सगळे त्याच्या शिशाच्या शिक्क्याला ओठ लावत. मग अंथूसा गहू उकडून त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, मनुका घाली, आणि वाडग्यासोबत घरातल्या मेलेल्यांच्या नावांची चिठ्ठी देवळात नेई. चिठ्ठीत घराणं, हुद्दा काही लिहायचं नसतं. नुसती बाप्तिस्म्याची नावं. सासरा, सासू, आई, लहानपणीच गेलेला एक मुलगा, आणि सगळ्यांत शेवटी: कॉन्स्टंटाईन.

तेच दानपत्र काखेत धरून निकेतास पाण्याच्या कचेरीत गेला. तिथे सिसिनिओस नावाचा कारकून होता. नखं स्वच्छ, आवाज मऊ, आणि समोरच्याकडे न बघता बोलायची सवय. ही सवय निकेतासने स्वतः सव्वीस वर्षं जोपासली होती. मेजाच्या ह्या बाजूने ती कशी दिसते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

अर्जाच्या माथ्यावर गादीवरच्या सम्राटांचं नाव घालायची रीत. गादीवर होते कॉन्स्टंटाईन. त्याखाली निकेतासने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सम्राट कॉन्स्टंटाईन यांच्या कृपेचं पाणी गुरुवारपासून बंद आहे.'

"महाराजांची कृपा बंद झाली, असं म्हणणं आहे का तुमचं?" सिसिनिओसने मऊपणे विचारलं.

"नाही हो साहेब. ते कॉन्स्टंटाईन वेगळे. हे जुने."

"जुने कोणते?"

"जुने म्हणजे... आधीचे."

सिसिनिओसने दानपत्र उलगडलं. खाली लाल शाईत, सम्राटाशिवाय कुणालाच वापरता येत नाही त्या शाईत, लिहिलं होतं: 'कॉन्स्टंटाईन, ख्रिस्तनिष्ठ सम्राट. जुलै महिना, पाचवं साल.'

आता शहरात साल मोजायची रीत अशी, की पंधरा वर्षांचं एक चक्र. पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत मोजायचं, की पुन्हा पहिलं. कितवं चक्र हे कोणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला ते ठाऊकच असतं.

"पाचवं साल दर पंधरा वर्षांनी येतं," सिसिनिओस म्हणाला. "आणि कॉन्स्टंटाईनही बरेच येऊन गेले. ह्यात कितवा ते लिहिलेलं नाही."

"ते कोण लिहील साहेब? गादीवर बसलेला माणूस स्वतःला चौथा-पाचवा म्हणवून घेईल का?"

"नाही घेत. म्हणून तर आमची कचेरी चालते. कोणता ते ठरवून आणा."

*

त्या दिवसापासून गल्लीला उद्योग मिळाला. निकेतासच्या उंबऱ्यावर माणसं बसू लागली आणि सम्राट निवडू लागली. भाजीवाल्याने वांगी निवडताना जेवढा विचार होतो, तेवढाही होत नव्हता. फक्त एक पथ्य सगळे पाळत. कुठल्याही कॉन्स्टंटाईनला नाव ठेवलं की लगेच दाराकडे बघून म्हणत, "आपले नव्हेत हं. आपल्यांना उदंड आयुष्य मिळो."

"मी म्हणतो, लहान कशाला धरायचा?" बार्दास म्हणाला. "सरळ थोरल्या कॉन्स्टंटाईनचं नाव घाला. ज्याने शहर वसवलं त्याच्या कागदाला खोटं म्हणायची कोणाची छाती आहे?"

निकेतास गेला. सिसिनिओस म्हणाला, "थोरल्या महाराजांच्या वेळी शहरात पाणी आणणारा हा कालवाच नव्हता. पाणी नंतर आलं. त्यांनी तुम्हाला काय दिलं, कोरडा सिंह?"

पलीकडची विधवा मारूला हिला आंधळ्या कॉन्स्टंटाईनचा फार कळवळा. "आईनेच डोळे काढवले हो लेकराचे, गादीसाठी," ती पदराने डोळे टिपत म्हणाली, जणू कालच शेजारच्या घरात घडलं होतं. "ज्याला घरात इतकं सोसावं लागलं, तोच दुसऱ्याच्या घरचं बघतो. माझं ऐका भाऊजी, त्याचंच आहे ते."

निकेतास पुन्हा गेला. मध्ये दोन संतांचे सण आले, कचेरी बंद होती. एक दिवस उघडी होती, पण सिसिनिओस तिसऱ्याच संताच्या दर्शनाला गेला होता. चौथ्या खेपेला तो भेटला आणि त्याने मन लावून हिशेब मांडला. "जमतंय. त्यांचे डोळे गेले ऑगस्टात. पाचव्या सालच्या जुलैत ते गादीवर होते. पण शेवटच्या महिन्यातली दानं आईसाहेबांनी मान्य केली होती की नाही, हे त्यांना विचारावं लागेल."

"त्या जाऊन अडीचशे वर्षं झाली असतील."

"तीच अडचण आहे," सिसिनिओस म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात सहानुभूती होती. आईसाहेबांबद्दल.

मग बाबा ग्रिगोरास आले. हे गल्लीतल्या देवळाचे पुरोहित, वयाने निकेतासपेक्षा लहान आणि दाढीने मोठे. त्यांनी सुचवलेला कॉन्स्टंटाईन सगळ्यांना पटला: राजवाड्याच्या जांभळ्या दालनात जन्मलेला, पुस्तकं लिहिणारा, देवाला आणि लेखनिकांना मानणारा. "सभ्य माणूस होता," बाबा म्हणाले, "त्याच्याही राज्यात पाचवं साल येतं. शिवाय फार जुना नाही. त्याच्यावर कुणाचा राग नाही."

"आणि दुसऱ्या कुणावर आहे का?" निकेतासने विचारलं.

बाबा दाढीशी चाळा करू लागले. होता, एकावर. ज्याचं नाव उंबऱ्यावर कुणीच घेतलं नव्हतं, तो चित्रफोड्या कॉन्स्टंटाईन. बाप्तिस्म्याच्या वेळी ह्याने तान्हेपणीच पवित्र कुंडात घाण केली म्हणतात, आणि मोठेपणी देवळांतली पवित्र चित्रं पुसून त्याने तेच मोठ्या प्रमाणावर केलं, असं बाबा लोक सांगतात. मेल्यावर त्याची हाडं थडग्यातून काढून जाळली. उपवासाच्या पहिल्या रविवारी देवळादेवळांत त्याच्यासारख्यांचा तीनदा धिक्कार होतो. आणि ज्या वर्षी विहिरी आटल्या होत्या, त्या वर्षी हजारो गवंडी लावून मोडलेला कालवा बांधून शहरात पाणी आणलं तेही त्यानेच. हे मात्र बाबा लोक सांगत नाहीत.

*

"हे चालतील," सिसिनिओस म्हणाला. जांभळ्या दालनातल्या कॉन्स्टंटाईनचं नाव ऐकून त्याने चक्क मान वर केली होती. "फक्त शिक्का बघू. ह्यांच्या शिक्क्यावर प्रभूचा चेहरा असतो. चित्रफोड्यांच्या काळात नुसता क्रूस असे."

त्याने शिक्का उजेडात धरला. तो साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गुळगुळीत होता.

"हे काय झालं ह्याला?"

"आम्ही दरवर्षी त्याला ओठ लावतो," निकेतास म्हणाला.

"कशासाठी?"

 निकेतासने दानपत्र परत फडक्यात गुंडाळलं.

संध्याकाळी बार्दासने आवाज खाली आणला. "माझ्या ओळखीचा एक आहे, सुईच्या टोकाने चेहरा काढून देतो. असा जुना काढतो की प्रभूलाही वाटेल, मी तेव्हा असाच दिसायचो."

निकेतास उठून उभा राहिला. "बार्दास, शिशात भेसळ करणाऱ्यांचे तराजू मी भर बाजारात मोडलेत."

"ते तराजू होते दादा. हा नळ आहे."

"वजन ते वजनच," निकेतास म्हणाला, आणि आत निघून गेला. वाक्य चांगलं झालं असं त्याला वाटलं. आणि त्या चांगल्या वाक्याच्या भरातच त्याने ठरवलं, की शिक्का कचेरीतच, सिसिनिओसच्या समोर, आपल्या हाताने साफ करायचा. जुनी वजनं कशी साफ करतात हे शहरात त्याच्याहून जास्त कोणाला ठाऊक होतं? बारीक चाळलेली राख, थेंबभर तेल, मेंढीची मऊ लोकर, आणि तिरपा उजेड. कितीही झिजलेला ठसा त्यात थोडा तरी बोलतो.

अंथूसा मसूर निवडत होती. ती म्हणाली, "अहो, राहू द्या ना. झाकलेलं आहे ते झाकलेलं असू द्या."

"तुझ्या गुडघ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"गुडघ्याने तुमच्याकडे अर्ज केला का?"

"तू घाबरतेस कशाला? चेहराच असणार. आपल्या घराण्याने भलत्यासलत्याचं दान घेतलं असेल का?"

तिने मसुरातला खडा उचलला, बघितला आणि खिडकीतून टाकला. "मला त्याचं नाव माहीत आहे," ती म्हणाली. "चेहरा बघून काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत निकेतासने बाह्या वर केल्या आणि शिक्का घासायला घेतला. चार कारकून गोळा झाले. कारागिरीचं कौतुक सगळ्यांनाच असतं. एक जण तर "वा" म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी निकेतासला पट्टा सैल वाटला. तिरप्या उन्हात शिसं हळूहळू उजळलं. उभी रेघ दिसली तेव्हा निकेतासला वाटलं, नाक. आडवी रेघ दिसली तेव्हा वाटलं, भुवया. मग त्या दोन रेघा जिथे एकमेकींना मिळायच्या तिथे मिळाल्या.

नुसता क्रूस होता. खाली तीन पायऱ्या. सुबक होता. तीनशे वर्षांच्या ओठांनी झिजला होता, पण निकेतासच्या राखेने स्वच्छ वर आला होता.

"काम मात्र छान केलंत," सिसिनिओस म्हणाला आणि लेखणी बुडवली. "दान शापिताचं. रद्द. गल्लीतल्या मुख्य नळाला तुमच्या घरासाठी पाडलेलं छिद्र तुम्हीच बुजवून घ्यायचं. सिंहमुख सरकारजमा. आणि शापिताचं दान ह्या घराने इतकी वर्षं उपभोगलं, तेव्हा येत्या धिक्काराच्या रविवारी पुढे उभं राहून तुम्ही स्पष्ट आवाजात त्याचा धिक्कार करायचा. मी असेन तिथे."

निकेतासने राखेचे हात पट्ट्याला पुसले. पण तो मापांचा माणूस होता. चुकीचं माप दिसलं की त्याच्याने गप्प बसवत नसे. "साहेब, कालवाच त्याचा आहे. अख्खं शहर त्याचं पाणी पितं. राजवाडा पितो. तुमच्या ह्या सुरईतलं पाणी त्याचंच."

सिसिनिओसने सुरईकडे बघितलं, मग पहिल्यांदाच निकेतासकडे.

"शहराकडे कागद नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे आहे."

*

वर्दानने छिद्र बुजवलं. मजुरी घेतली नाही; जमिनीला कान लावून म्हणाला, "वाहतंय हो खाली, ऐकू येतंय," आणि हे सांगायला नको होतं असं वाटून निघून गेला. सिंह नेला तेव्हा भिंतीवर गोल, ओलसर डाग राहिला. डाळिंबाने आठ दिवस वाट बघितली आणि पानं टाकली.

बार्दासने त्याच महिन्यात नवा अर्ज केला होता, गादीवरच्या महाराजांकडे, वरच्या मजल्याच्या सोयीसाठी. त्याच्या मेणबत्त्या राजवाड्याच्या देवघरात जळत असत. अकरा दिवसांत होकार आला. कचेरीने त्याला जमाखान्यातला एक सिंहही स्वस्तात दिला.

मृतांचा शनिवार आला. अंथूसाने गहू उकडले. डाळिंबाचे दाणे ह्या वर्षी मारूलाने दिले. वाडगा आणि चिठ्ठी घेऊन ती देवळात गेली, मागे निकेतास, मान खाली. बाबा ग्रिगोरास नावं वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर अडले.

"अंथूसाबाई, हे शेवटचं नाव... कोणता कॉन्स्टंटाईन?"

"चिठ्ठीत नुसतं नाव लिहायचं, वरच्याला कळतं, असं तुम्हीच सांगता ना बाबा?"

"ते खरं. पण उद्या रविवार आहे."

"उद्याचं उद्या." तिने वाडगा पुढे सरकवला. "एप्रिलात तुम्ही संत अंथूसेपुढे दिवा लावता. तिच्यावरूनच माझ्या आईने माझं नाव ठेवलं. ती कोणाची लेक?"

ती चित्रफोड्याची लेक होती. हे देवळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी बोलत नसे.

"लेकीला दिवा लावता," अंथूसा म्हणाली, "मग बापाला दोन दाणे गहू जड होतात का? तीनशे वर्षं आमच्या घरात मेलेल्याला आंघोळ त्याच्या पाण्याने झाली. जन्मलेल्यालाही त्याच्याच. माझं लेकरू तापाने गेलं, तेव्हा शेवटचा घोट त्या सिंहाचा होता. वाचा बाबा, गहू गार होतोय."

बाबांनी वाचलं. भराभर, दाढीत, खोकल्यात लपवून, पण वाचलं. निकेतासने बायकोकडे बघितलं. चाळीस वर्षांत तिने एका दमात इतकी वाक्यं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. कचेरीत आपण हिला पाठवायला हवी होती, असं त्याच्या मनात आलं. मग आलं, की हिने सिसिनिओसचा होकार मागितलाच नसता.

रविवारी सिसिनिओस पहिल्या खांबाशी उभा होता, स्वच्छ नखांचे हात छातीवर. धिक्काराची यादी वाचली गेली. निकेतास पुढे आला. पहिला धिक्कार स्पष्ट निघाला. दुसऱ्याच्या वेळी त्याने पट्टा आवळला. तिसरा त्याने वजनमापाच्या माणसासारखा नेमका म्हटला, ना कमी ना जास्त, आणि मागून सगळं देऊळ गरजलं. सिसिनिओसने मान डोलावली. अंथूसाचे ओठ हलले नाहीत. ती खाली वाकून गुडघ्याला फडकं बांधत होती.

घरी परतल्यावर तिने दोन हंडे उचलले, कारण धिक्काराच्या दिवशीही मसूर शिजवायला पाणी लागतंच. शेजारच्या दारात बार्दास उभा होता.

"घसा बसला असेल दादा. या ना, घोटभर पाणी घ्या. सगळी गल्ली येऊन बघून गेली, तुम्हीच राहिलात."

त्याच्या अंगणात, संगमरवराच्या नव्या भिंतीत, तोच सिंह बसला होता. करंगळीएवढी धार. भिंतीवर लाकडी चौकटीत नवं दानपत्र, खाली शिशाचा ताजा शिक्का, त्यावर प्रभूचा चेहरा, नाक-भुवयांसकट. निकेतासने पाण्याला हात लावला नाही. सवयीने कागद मात्र वाचला. लाल शाईत लिहिलं होतं, 'कॉन्स्टंटाईन, ख्रिस्तनिष्ठ सम्राट. फेब्रुवारी महिना, तिसरं साल.'

"बार्दास," तो म्हणाला, "ह्यावर कोणता ते लिहून घे."

बार्दास हसला. "कोणता म्हणजे? एकच तर आहेत."

"तेव्हाही एकच होता," निकेतास म्हणाला. त्याने कमरेचा पट्टा सोडला, त्याची गुंडाळी करून खांद्यावर ठेवली, तिच्यावर अंथूसाच्या हातातला मोठा हंडा घेतला, आणि तिच्या मागून पायऱ्या मोजत उतरू लागला.